वहीत नसलेलं पाणी

थोरल्या जाऊबाईंना स्ट्रेचरवरून पलंगावर घेतलं, तेव्हा बाईंचं पहिलं लक्ष गेलं ते चादरीच्या सुरकुतीकडे. आपल्या वेळी ही सुरकुती खपली नसती, असं त्यांच्या मनात आलंसुद्धा. जाऊबाई अर्धवट डोळे मिटून पडलेल्या, तोंड सुजल्यासारखं, हाक मारली तरी साधं 'हूं' नाही, आणि ह्या चादर बघतायत. सवय, दुसरं काय.

चोवीस वर्षं बाईंनी याच हॉस्पिटलात नर्सिंगच्या मुलींना शिकवलं होतं. पेशंटच्या अंगात पाणी किती गेलं, बाहेर किती आलं, रक्तात मीठ किती राहिलं, हा त्यांचा हातखंडा विषय. मुली त्यांना पाठीमागे 'मापटं' म्हणायच्या. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी घरात कुणी कपात दूध ओतायला लागलं की त्यांची नजर आपोआप कपाच्या काठाशी जायची.

म्हणून तर सात आठवड्यांपूर्वी जाऊबाईंना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, गिळणं गेलं, आणि नाकातून पोटात नळी घालून त्यांना घरी सोडलं, तेव्हा सगळं घर बाईंकडे वळलं. "काकू, आता तुम्हीच," पुतण्या म्हणाला. बाईंनी पदर खोचला.

त्या घरात पस्तीस वर्षं स्वयंपाकघर जाऊबाईंचं होतं. बाई ड्यूटीवरून यायच्या त्या थेट ताटावर. "धाकटे, तुला पेशंटला भरवता येतं, घरच्यांना वाढता येत नाही," असं जाऊबाई हसत म्हणायच्या, आणि हसत म्हटल्यामुळे ते जास्तच लागायचं. आता जाऊबाईंच्या पोटात काय जाणार, किती जाणार, किती वाजता जाणार, ते धाकटी ठरवणार होती. यात बाईंना थोडं बरं वाटलं होतं का? वाटलं होतं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही अर्धवटच.

पहिल्याच आठवड्यात सुनेनं गोळ्या नीट बारीक केल्या नाहीत आणि नळी तुंबली. बदलावी लागली. नवी घालताना जाऊबाईंच्या नाकातून रक्त आलं आणि डाव्या डोळ्यातून पाणी. त्या दिवशी बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "यापुढे माझ्या देखत ही नळी तुंबणार नाही."

तुंबलीही नाही. नळी अशी लख्ख, की नवी कोरी वाटावी. बुडत होत्या त्या नळीपलीकडच्या जाऊबाई.

पण हे आत्ता, दुपारी चारला, भेटायच्या वेळेच्या गजबजाटात, पलंगाशेजारी वही काखेत धरून उभ्या असलेल्या बाईंना अजून कळलेलं नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं, की दोन आठवडे जाऊबाई सुस्त होत गेल्या, दोनदा उलटी झाली, काल कुणाला ओळखलं नाही, आणि घरातल्या घरात हे सगळं 'रुसवा' या सदरात जमा झालं. ते सदरही बाईंनीच काढलं होतं.

वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आली. पंचेचाळिशीची, चष्मा कपाळावर सरकवलेला, चालणं झपझप. बाईंकडे बघून तिनं हात जोडले.

"बाई, ओळखलंत?"

बाई ओळखू की नको करत होत्या, तोवर मागून सफाईवाल्या मावशींनी हाक मारली, "झरा सिस्टर, सात नंबरचं युरिन भांडं कुठं ठेवू?"

"सिंकपाशी," असं म्हणून ती वळली, जशी माणसं आपल्या नावाला वळतात. आता बाईंनी ओळखलं.

सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. ही पहिल्या वर्षाला. नाकात नळी असलेल्या एका म्हाताऱ्या पेशंटचा चोवीस तासांचा तक्ता हिनं भरला होता. बाईंनी तो उचलला आणि भेटायला आलेल्या नातेवाइकांच्या गर्दीत, खणखणीत आवाजात वाचला. "आत आठशे, बाहेर पंधराशे! वा गं वा! पेशंटच्या पोटात झरा फुटला का?" वॉर्ड हसला. नातेवाईक हसले. पेशंटही हसला. नळी धुवायचं पाणी, ज्याला फ्लश म्हणतात, ते मुलीनं लिहिलेलं नाही, हे बाईंना एका नजरेत कळलं होतं. "आत गेलं ते गेलं. नळी धुतलीस तरी ते पाणी गटारात जात नाही, पोटातच जातं," असं सांगून त्यांनी मुलीला भेटायची वेळ संपेपर्यंत मापाचं भांडं हातात घेऊन दारात उभं केलं होतं. त्या दिवसापासून ती झरा. पुढच्या बॅचच्या मुलींना तर तेच तिचं खरं नाव वाटायचं.

"वही आणलीत ना? मला वाटलंच, तुम्ही आणणार," झरा म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. बाईंनी कान देऊन ऐकलं, पण नव्हता.

वही देखणी होती. रकाने पट्टीनं आखलेले, आत गेलेलं निळ्या शाईत, बाहेर आलेलं लाल शाईत. झरानं चष्मा खाली घेतला आणि पानं उलटली.

"आत बाराशे. बाहेर अठराशे. आत बाराशे, बाहेर एकोणीसशे. परवा पण एकोणीसशे." ती थांबली. "बाई, यात फ्लशचा रकाना दिसत नाही."

तेव्हा कळलं. सगळं, एकदम, अंगावर भिंत यावी तसं. लाल आणि निळे आकडे महिनाभर समोरासमोर उभे होते, आणि कुठल्याही दुसऱ्या बाईची वही असती तर पहिल्याच ओळीवर त्यांनी बोट आपटलं असतं. पण दुसऱ्यानं ओतलेलं पाणी त्यांना दिसायचं. स्वतःच्या हातानं ओतलेलं म्हणजे नळीची निगा. पातेलं विसळलेलं पाणी कुणी आमटीत मोजतं का?

आणि अशा वेळी माणसाची जीभ डोक्याला न विचारता जे करते, तेच तिनं केलं.

"तीस-तीस मिली," बाई म्हणाल्या. "पुस्तकात आहे तेवढंच. ते काय वेगळं लिहायचं."

झरानं त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं.  मग तिनं वही मिटली आणि ती डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत होत्या, आणि लिहिलेल्यावर विश्वास ठेवणाऱ्या होत्या. रक्ताचा रिपोर्ट हातात घेऊनच आल्या.

"आजींचं सोडियम एकशे सोळावर आलंय. रक्तातलं मीठ समजा. एकशे पस्तीसच्या वर हवं. म्हणून ही गुंगी. आणखी घसरलं तर आकडी येऊ शकते." त्यांनी वहीवर पेन टेकवलं. "इथं आत कमी आणि बाहेर जास्त दिसतंय, म्हणजे पाणी आणि मीठ दोन्ही वाहून जातंय. अंग कोरडं पडलंय. सलाईन जोरात सुरू करू. घरी नळीतून देता त्या फीडमध्ये मीठ किती घालत होता?"

पुतण्यानं मान वळवून बायकोकडे पाहिलं. "हिला विचारा. मिक्सर हीच लावते."

सून भिंतीला टेकून उभी होती. "मीठ... घालतच नव्हते. ब्लडप्रेशर आहे म्हणून काकूंनी..." आणि ती थांबली. काकूंकडे बघितलं तिनं, साधंच, आता पुढचं तुम्ही बोला अशा नजरेनं.

काकू खिडकीकडे बघत होत्या. खिडकीत बघण्यासारखं काही नव्हतं. समोर पाण्याची टाकी होती.

"काकूंनी कमी घाल म्हटलं असेल!" पुतण्या कडाडला. "अजिबात नको कोण म्हणेल? त्या नर्स होत्या, तू डोकं गहाण ठेवलं होतंस का? माझ्या आईला नुसतं आळणी पाजत राहिलीस सात आठवडे!"

"अहो, हळू बोला," सून पुटपुटली. शेजारच्या पलंगावरच्या पेशंटची बहीण संत्रं सोलायचं थांबवून बघत होती.

बाईंनी तेव्हा बोलायला हवं होतं. 'अजिबात नको' हेच शब्द त्यांचे होते, वर 'चिमूटभरसुद्धा नाही' असंही म्हटलं होतं, पातेल्यावर झाकण आपटून. त्याऐवजी त्यांनी जाऊबाईंच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. ते आधीच सारखं होतं.

डॉक्टरीणबाई टेबलाशी जाऊन सलाईनचं लिहू लागल्या. पुतण्या तरातरा बाहेर गेला, सून त्याच्यामागे. पलंगापाशी दोघी जावा उरल्या.

हाताला काम हवं म्हणून बाईंनी पिशवीतून सिरिंज काढली आणि घरून आणलेलं भांडं पाण्यानं भरलं. प्रवासात नळी तशीच राहिलीय, धुवायला हवी. विचार करून केलं नाही हे. हात करत होते.

जाऊबाईंचा डावा हात पांघरुणातून बाहेर आला. डोळे मिटलेलेच. हात चाचपडत स्टुलापर्यंत आला, भांड्याचा काठ सापडला, आणि तळवा भांड्याच्या तोंडावर उपडा पडला.

हा तळवा बाईंना पस्तीस वर्षं माहीत होता. ताटावर कुणी आग्रह केला, पाहुण्यांनी, दिरांनी, कुणीही, की जाऊबाई बोलायच्या नाहीत, फक्त वाटीवर तळवा उपडा ठेवायच्या. मग ब्रह्मदेव वाढायला आला तरी एक थेंब आत जात नसे. घरातली लहान मुलंसुद्धा ती खूण ओळखायची.

गेले पंधरा दिवस जाऊबाई तेच करत होत्या. प्रत्येक फीडला. आणि बाई प्रत्येक वेळी तो हात उचलून बाजूला ठेवत होत्या. "हट्ट नको, जाऊबाई. नळी तुंबली तर पुन्हा नाकातून रक्त काढायचंय का?" चार दिवसांपूर्वी तर त्यांनी सुनेला बोलावून तो हात धरून ठेवायला लावला होता.

आत्ताही सवयीनं त्यांनी तो हात उचललाच. उचलला, आणि तसाच हातात राहिला. हलका, गार, सुजलेला. बोटावर अंगठी रुतली होती. ही अंगठी महिन्यापूर्वी सैल व्हायची, म्हणून दोरा गुंडाळला होता. दोरा आता मांसात गेला होता.

कोरडं पडलेलं अंग असं असतं का? पहिल्या वर्षाच्या मुलीनंही सांगितलं असतं.

आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली, जी पहिलीपेक्षा वाईट होती. अंगात पाणी फार झाल्यानं मीठ पातळ झालं असेल, तर पाणी थांबवलं की ते आपसूक वर येऊ लागतं. त्यात वरून सलाईन जोरात ओतलं तर ते सुसाट वर जातं, आणि मेंदूला ते झेपत नाही. माणूस त्यातून उठला तरी पूर्वीचा उठत नाही. हे बाईंनी चोवीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं, खाली दोन रेघा ओढून.

टेबलापाशी झरा सलाईनच्या बाटलीचं वेष्टण फाडत होती.

तिथून टेबल वीस पावलांवर असेल. बाईंना ती वीस पावलं आयुष्यभर पुरतील एवढी लांब वाटली. भेटायला आलेली माणसं, संत्र्याचा वास, दारात परतलेला पुतण्या, त्याच्यामागे लाल डोळ्यांची सून. सगळे नेमके आत्ताच यायचे होते.

"ती बाटली लावू नका," बाई म्हणाल्या. आवाज बारीक निघाला, म्हणून पुन्हा म्हणाल्या, तर नेमका फार मोठा निघाला. सव्वीस वर्षांपूर्वीचा. अख्खा वॉर्ड वळून बघू लागला.

"का हो?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"वही अर्धी आहे. मी फ्लशला जरा जास्त पाणी देत होते."

"जास्त म्हणजे?"

"म्हणजे... थोडं जास्तच."

झरानं बाटली खाली ठेवली आणि पेन उचललं. "थोडं म्हणजे किती, बाई? मापात सांगा. अंदाजे नको."

शब्द न शब्द बाईंचा, वर्गातला होता. पण झराच्या चेहऱ्यावर सूड नव्हता, हसू नव्हतं, काहीच नव्हतं. तिला खरंच आकडा हवा होता. बाईंना वाटलं, हसली असती तर बरं झालं असतं.

"पन्नासची सिरिंज," त्या म्हणाल्या. "फीडच्या आधी एक, नंतर दोन. सहा फीड."

"नऊशे."

"गोळ्यांच्या आधी एक, नंतर एक. चार वेळा."

"चारशे."

"गोळ्या विरघळवायला पन्नास, चार वेळा."

"दोनशे. आणखी?"

"उकाडा होता म्हणून दुपारी एक भांडं आणि संध्याकाळी एक. अडीचशेचं भांडं."

"पाचशे." पेन थांबलं. "दोन लिटर, बाई. रोज. वहीतले बाराशे वेगळे."

"हो."

"आणि मघाशी तीस म्हणालात."

"खोटं बोलले."

संत्रं सोलणारी शेजारणीच्या कानाशी लागली. "ह्या इथं शिकवायच्या ना? कडक होत्या म्हणे." हळू म्हणाली, पण वॉर्डात तेव्हा एवढी शांतता होती की हळूचा उपयोग नव्हता. बाईंना जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं, पण ती मोझेकची होती, आणि नुकतीच पुसलेली.

डॉक्टरीणबाईंनी लिहिलेलं खोडलं. "म्हणजे चित्र उलटं आहे. पाणी बंद. लघवीतून मीठ घालवणारी ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे, तीही बंद. दर चार तासांनी रक्त बघू, हळूहळूच वर आणायचं." मग त्यांनी बाईंकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. "बरं झालं आत्ता सांगितलंत," एवढंच म्हणाल्या, आणि त्या 'आत्ता'मध्ये जे काय होतं ते सगळं बाईंना ऐकू आलं.

बाई पुतण्याकडे वळल्या. "मीठ अजिबात नको, हे मीच सांगितलं होतं. तुझ्या बायकोनं एकदा विचारलंसुद्धा, थोडं घालू का म्हणून. मी पातेल्यावर झाकण आपटलं. मघाशी तू तिला बोलत होतास तेव्हा मी खिडकीतून टाकी बघत बसले."

पुतण्याला काय करावं कळेना. आयुष्यभर ज्या काकूंना घाबरला, त्यांच्यावर ओरडायचं कसं, ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तो बायकोकडे न बघता म्हणाला, "सॉरी." ते नक्की कुणाला होतं, ते दोघींनाही कळलं नाही.

बाईंना वाटलं होतं, सून म्हणेल, जाऊ द्या काकू. ती म्हणाली नाही. तिनं पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, "मी हात धरला ना त्यांचा, तेव्हा त्या माझ्याकडे बघत होत्या. तुमच्याकडे नाही. माझ्याकडे."

बाईंनी स्टुलावरचं भांडं उचललं आणि पाणी सिंकमध्ये ओतून दिलं. 

दुसऱ्या दिवशी सोडियम एकशे बावीस झालं, तिसऱ्या दिवशी एकशे सत्तावीस. जाऊबाई लघवीवाटे आपलं आपण पाणी काढून टाकत होत्या, जणू घर आवरायला घेतलं होतं. तोंडावरची सूज उतरली, अंगठी फिरू लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डोळे उघडून सुनेला ओळखलं, मुलाला ओळखलं, आणि बाईंना बघून डोळे पुन्हा मिटून घेतले. म्हणजे त्यांनाही ओळखलं.

बाई रोज येत होत्या. येऊन स्टुलावर बसायच्या, कशाला हात लावायच्या नाहीत. मुली फ्लश द्यायला आल्या की उठून बाजूला व्हायच्या. एक-दोघींनी 'बाई, बरोबर आहे ना?' असं विचारलंही. बाई नुसती मान हलवायच्या.

त्या दुपारी झरा ड्यूटी संपवून पलंगाशी आली. बाईंनी तीन दिवस मनात जुळवलेलं वाक्य काढलं. "तुला तेव्हा मी दारात उभं केलं होतं. माणसांसमोर. शिकवायचं होतं ते कोपऱ्यात नेऊनही शिकवता आलं असतं. चूक सगळ्यांच्याच हातून—"

"बाई," झरा म्हणाली, "मी फ्लश लिहिला होता."

"काय?"

"रकान्यात जागा नव्हती, म्हणून तक्त्याच्या मागच्या बाजूला लिहिला होता. सातशे वीस. वेळेसकट. तुम्ही पान उलटलं नाहीत."

 "मग सांगायचं नाही का गं?"

"तुम्ही विचारलं कुठं होतं? तुम्ही हसवत होतात." तिनं चष्मा कपाळावर सरकवला. "मलाही पुढं कळलं, हसणाऱ्या माणसांसमोर पान उलटून दाखवायला फार धीर लागतो. तुम्ही परवा दाखवलंत. मला तेव्हा जमलं नव्हतं." हे माफ केल्यासारखं होतं की नव्हतं, ते बाईंना ठरवता येईना. झरानं टेबलावरून नवा तक्ता आणून त्यांच्या मांडीवर ठेवला, वर पेन. "चारचं फीड तुमच्याकडे. घरी शेवटी तुम्हालाच करायचंय. आणि मागची बाजू कोरी आहे."

चार वाजले. बाईंनी फीड दिलं, हळू, सिरिंज उंच धरून. मग भांड्यात मापानं पाणी घेतलं. तीस. भांड्याच्या तळाशी ते इतकं केविलवाणं दिसत होतं, की एवढ्यानं नळी धुतली जाईल यावर पूर्वी त्यांनी पैज मारली नसती. त्यांनी ते भांडं जाऊबाईंच्या डोळ्यांसमोर धरलं.

"एवढंच आहे, जाऊबाई. बघा. चालेल का?"

जाऊबाईंनी डोळे उघडले. भांड्यात पाहिलं. मग धाकटीकडे पाहिलं, चांगलं निरखून, जसं त्या पूर्वी बाजारातून आणलेल्या भाजीकडे बघायच्या. डावा हात उठला, आणि भांड्यावर तळवा उपडा पडला.

नळीला पाणी तर लागणार होतं. बाईंनाही माहीत होतं, जाऊबाईंनाही असावं. पण या वेळी बाईंनी हात उचलला नाही. भांडं धरून बसून राहिल्या. हाताला कळ लागली तरी बसल्या. वॉर्डातली माणसं ये-जा करत होती, कुणी त्यांच्याकडे बघत होतं, कुणी नव्हतं. पाच मिनिटं गेली असतील, सहा. मग तळवा आपला आपण सरकला आणि पांघरुणावर जाऊन पडला.

बाईंनी पाणी दिलं. तक्त्यावर निळ्या शाईत तीस लिहिलं. मग पान उलटलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं: 'चार वाजता. आधी नको म्हणाल्या. थांबले.'